ड्रायव्हिंग स्कूलसाठी छोटी गाडी : पेट्रोल घ्यावी का डिझेल?

अहमदपूरकर_२४
नमस्कार मंडळी. लातुरात एका ड्रायव्हिंग स्कूलमधी नऊ वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून काढली, आता स्वतःचं चालू करायलोय, अहमदपूरला. जागा बघितली, फॉर्म १२ (स्कूलच्या परवान्याचा अर्ज) भरायची तयारी झाली, बोर्ड रंगवायला टाकलाय. अडलंय फक्त गाडीवर. एकच गाडी घेणं जमतंय सध्या, म्हणून चुकायला नको.

दोन गाड्या नजरेत हायत. एक पाहुण्याची २०१८ ची स्विफ्ट डिझेल, ७८ हजार किमी फिरलेली, एका हाताची, टायर नवीन. दुसरी नवीन ऑल्टो के१० पेट्रोल, तिला थोडं कर्ज काढावं लागल. वडील म्हणतात डिझेलच घे, ट्रॅक्टरला कॅन भरून आणतोच की आपण, आणि डिझेलचं इंजिन दणकट असतं. मित्र म्हणूलालेत डिझेल गाड्या बंद होणार, दहा वर्षांनी भंगारात घालाव्या लागतात.

माझा हिशोब सांगतो. रोज १२ जण, एकेकाला अर्धा तास, एका जणाला पाच-सहा किमी होतात म्हणजे दिवसाला ७० च्या आसपास, महिन्याला साडेसतराशे किमी धरा. सगळं पहिल्या-दुसऱ्या गियरमधी, एसी चालू, त्यामुळं कंपनीच्या ॲव्हरेजचा इथं काही उपयोग नाही. आमच्या मालकाच्या डिझेल गाडीला शिकवताना १६ पडायचं. पेट्रोलला १३ पडलं तरी लई झालं. पेट्रोल १०६ आणि डिझेल ९३ धरलं तर महिन्याला पेट्रोलचे १४ हजार आणि डिझेलचे १० हजार होतात. चार हजारांचा फरक, म्हणजे ऑल्टोच्या कर्जाच्या अर्ध्या हप्त्याएवढा. आता ज्यांनी स्वतः शिकवलंय किंवा गॅरेजमधी अशा गाड्या खोलल्यात त्यांनी सांगा, हा फरक शेवटी हातात राहतो का?

बीडकर_काका
बाळा, स्वतःचं चालू करतोयस, आनंद वाटला. मी २००१ पासून शिकवतो. पहिली गाडी मारुती ८००, मग इंडिका डिझेल, मग स्विफ्ट डिझेल, आता एक डिझेल आणि एक पेट्रोल अशा दोन आहेत.

माझं मत विचारशील तर डिझेल घे. कारण पैसा नाही, कारण पहिला दिवस. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई येते, जन्मात कधी स्टेअरिंगला हात लावलेला नसतो, घरून कुणी ना कुणी बोललेलं असतं की तुला काय जमणार. तिनं क्लच सोडला आणि गाडी धाडकन झटका मारून बंद पडली, असं सहा वेळा झालं की सातव्या वेळेला तिचा पाय थरथरतो. दुसऱ्या दिवशी येत नाही, फीचे पैसे सोडून देते. डिझेलला खालच्या आरपीएमलाच दम असतो. स्विफ्टचं ते १२४८ सीसीचं इंजिन, १९० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) तोही २००० आरपीएमला. तुझ्या ऑल्टोला ८९ आहे आणि तो मिळायला इंजिन साडेतीन हजारावर न्यावं लागतं. डिझेलमध्ये रेस न देता नुसता क्लच हळू सोडला की गाडी आपोआप चालायला लागते. ती बाई पहिल्या दिवशी गाडी शंभर फूट नेते आणि उतरताना तिचा चेहरा बघ. त्या चेहऱ्यासाठी मी अजून या धंद्यात आहे.

मांजरसुंब्याच्या घाटात न्यायचं म्हटलं तरी डिझेल बरी. चढावर थांबवून परत उचलायला शिकवताना गाडी मागं जात नाही तेवढी.

आणि दहा वर्षांचं जे म्हणतायत ते दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या एनसीआरसाठी निघालं होतं, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा. आपल्याकडं तो नियम नाही. पंधरा वर्षं झाली की फिटनेस बघून आरसी रिन्यू होते.

गॅरेजवाला_२६
नांदेडहून लिहितोय, माझ्याकडं चार स्कूलच्या गाड्या येतात कामाला म्हणून बोलतो.

काकांचं टॉर्कचं म्हणणं बरोबर आहे पण त्या टॉर्कचा मार खातं कोण ते बघा, क्लच प्लेट. शिकणारा माणूस अर्धा तास हाफ क्लचवरच (पेडल अर्धवट दाबून) असतो. डिझेलमध्ये गाडी बंद पडत नाही म्हणून त्याला कळतच नाही की पाय चुकतोय, तो तसाच पेडलवर पाय ठेवून चालवत राहतो आणि प्लेट आतल्या आत घासत राहते. घरच्या गाडीची प्लेट ऐंशी हजार - लाख किमी जाते, स्कूलच्या गाडीची माझ्या हातात पंचवीस-तीस हजारात आलीय. परवाच एक उतरवली, अस्तर रिव्हेटपर्यंत गेलेलं, प्रेशर प्लेटवर निळे डाग पडलेले उष्णतेने, वास अख्ख्या गॅरेजमध्ये. रिलीज बेअरिंग पण करकर करत होतं. डिझेलचा सेट महाग, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी वेगळी, आणि गाडी दोन दिवस उभी म्हणजे २४ जणांचे क्लास बुडाले. हे तुमच्या चार हजारांतून वजा करा.

दुसरं म्हणजे इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह). डिझेल इंजिनला गरम होऊन मोकळं पळायला पाहिजे. तुम्ही पंधराच्या स्पीडने ग्राऊंडला चकरा मारणार, इंजिन कधी २ हजाराच्या वर जाणार नाही, काजळी धरते. ईजीआर जाम झाला की पिकअप जातो, धूर मारते. नवीन बीएस६ डिझेल (१ एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या कडक नियमाच्या) असली तर अजून अवघड, त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं हायवेला सलग पळावी लागते, नाहीतर लाईट पेटते. शिकवायच्या गाडीला हे कुठून जमणार. २०१८ ची स्विफ्ट बीएस४ आहे, तिला डीपीएफ नाही, हे एक बरं. पण २०२० पासून मारुतीनं डिझेल बंदच केलंय. स्पेअर मिळतात आज, त्याची काळजी नको, पण पुढच्या वेळी गाडी बदलताना छोट्या गाडीत नवीन डिझेल अल्ट्रोझ सोडली तर दिसतच नाही. मग सवय कशाला लावायची.

घ्यायचीच असेल तर आधी थंड इंजिनवर चालू करून बघा, गरम करून दाखवली तर परत या म्हणावं. चौथ्या गियरला ४० च्या स्पीडने एकदम रेस द्या, आरपीएम चढला आणि गाडी नाही चढली तर प्लेट संपलीय.

परभणी_शिक्षिका
मी शिकवणारी नाही, शिकलेली आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

मी गंगाखेड भागात झेडपीच्या शाळेवर आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत गाडी शिकले, तेव्हा स्कूलची गाडी डिझेल होती. सर अगदी चांगले होते, कधी ओरडले नाहीत, एकवीस दिवसांत माझी गाडी एकदाही बंद पडली नाही म्हणून सगळे कौतुक करायचे आणि मला वाटलं मला येते गाडी. लायसन्स पण पहिल्याच टेस्टला मिळालं. घरी आमची वॅगन आर, पेट्रोल.

शाळेत पहिल्यांदा एकटी घेऊन निघाले त्या दिवशी रेल्वे फाटक पडलेलं होतं. फाटक उघडलं, मी सवयीने क्लच सोडला आणि गाडी बंद. परत चालू केली, परत सोडला, परत बंद. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागं एसटी, सगळे हॉर्न वाजवतायत, फाटकवाला हात करतोय, आणि मला हेच समजत नव्हतं की मी चुकतेय काय, कारण मी तर तेच करत होते जे शिकले होते. शेवटी एका ऊसतोड करणाऱ्या मावशींनी ट्रॉलीवरून उतरून खिडकीपाशी येऊन सांगितलं, घाबरू नको बाई, दमानं घे. त्यांना गाडी येत नव्हती पण त्यांच्या त्या शब्दानं माझा पाय थांबला. चौथ्यांदा जास्त रेस देऊन कशीबशी काढली.

नंतर दोन महिने मी गाडीला हात लावला नाही. मग माझ्या भावानं शाळेच्या ग्राऊंडवर नेलं आणि म्हणाला ताई, रेसला पायच लावायचा नाही, फक्त क्लचवर गाडी हलवून दाखव. पंधरा मिनिटं मी नुसती तेवढंच करत होते, क्लच इतका हळू की गाडी थरथरायला लागते तिथं पाय रोखायचा, एक-दोन-तीन मोजायचं, मग उरलेला सोडायचा. त्या दिवशी मला खऱ्या अर्थानं क्लच कळला. तो एकवीस दिवसांत कळायला पाहिजे होता असं मला मनापासून वाटतं.

काकांचं ते पहिल्या दिवसाचं मला पटतं, माझाही चेहरा तसाच झाला असणार. पण काका, आमच्यासारख्या बहुतेक जणींच्या दारात पेट्रोल नाहीतर सीएनजी गाडीच उभी असते हो.

बीडकर_काका
ताई, तुमचं वाचून गप्प झालो थोडा वेळ. माझ्याकडच्या बायकांना मी शेवटचे पाच दिवस पेट्रोल गाडीवर बसवतो, ते याच कारणासाठी, पण माझ्याकडं दोन गाड्या आहेत म्हणून. ज्याच्याकडं एकच आहे त्याला हे जमणार नाही हे मी लिहायला पाहिजे होतं.

संभाजीनगर_सीएनजी
कुणी सीएनजीचं बोललं नाही म्हणून. माझी वॅगन आर सीएनजी स्कूललाच आहे, शिकवताना किलोला २० च्या आसपास देते, खर्च डिझेलपेक्षा पण कमी. पिकअप थोडा कमी पडतो, एसी लावून चढावर तर जाणवतोच, म्हणून पोरं पहिले दोन दिवस जास्त बंद पाडतात, मी तेवढे दोन दिवस पेट्रोलवर ठेवतो. पण तुमच्या गावापासून पंप किती लांब आणि रांग किती ते आधी बघा. सकाळी ६ ते ९ हीच आपली खरी वेळ आणि रांगेत पाऊण तास गेला तर काय उपयोग. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) असते, ती विसरू नका.

गॅरेजवाला_२६
आणि ड्युअल कंट्रोल (शिकवणाऱ्याच्या बाजूचे क्लच-ब्रेक) कुणाकडून बसवताय ते विचारपूर्वक ठरवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २४ प्रमाणं स्कूलच्या गाडीला ते पाहिजेच, पण बरेच जण स्वस्तात केबलवाला बसवतात आणि सहा महिन्यांत केबल सैल होते. तुमच्या बाजूचा ब्रेक दाबला की पेडल किती खाली जातं ते रोज सकाळी बघायची सवय ठेवा. माझ्याकडं एकांची गाडी आली होती, केबलचे सात-आठ धागे तुटलेले, दोन-तीनवर लटकत होती, आणि ते त्याच गाडीत दिवसभर पोरं बसवत होते. एल बोर्ड पण नीट लावा, पांढऱ्यावर लाल, १८ सेंमी चौरस, पुढं पण आणि मागं पण. लांबून ट्रकवाल्याला दिसला पाहिजे.

अहमदपूरकर_२४
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उशिरा लिहायलोय कारण काल स्विफ्ट बघायला गेलो होतो. गॅरेजवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं चौथ्या गियरला टाकून बघितलं, प्लेट ठीक हाय, गाडी खरंच चांगली हाय. तरी पाहुण्याला नको म्हणून सांगितलं.

ताईंचं वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना गेली. मालकाकडं नऊ वर्षं डिझेलवरच शिकवलं मी, आणि कोर्स झाल्यावर लोकांचे फोन यायचे, सर घरची गाडी सारखी बंद पडायलीय, गाडीत काही बिघाड हाय का. मी त्यांना मेकॅनिकला दाखवा म्हणायचो. गाडीत काही नव्हतं. किती जणांना असं सांगितलं असल. त्यातल्या काहींचे नंबर अजून माझ्याकडं हायत, त्यांना फोन करून बोलवणार हाय, एकेक तास फुकट, ग्राऊंडवर, रेस न देता.

ऑल्टो बुक केली, पेट्रोल. अहमदपूरला रोज सीएनजीचं गणित मला जमणार नाही. चार हजारांचा फरक फीमधी दोनशे-तीनशे वाढवून काढावा लागल, आणि ते का वाढवले ते मी येणाऱ्याला समोर बसवून सांगणार.

काका, एकच विचारायचं राहिलं. पहिल्या दिवशी बंद पडू नये म्हणून तुम्ही पेट्रोलवर काय करता? मी ठरवलंय पहिले दोन दिवस रस्ताच नाही, फक्त ग्राऊंड, आणि माझ्या बाजूच्या क्लचवर माझा पाय.

बीडकर_काका
पाय ठेव, पण पेडलच्या वर अधांतरी ठेव, दाबून धरू नको. तू क्लच दाबलास की तिच्या पायाखालचं पेडल पण हलतं आणि तिला वाटतं हे मीच केलं. पहिले तीन-चार झटके बसू दे. गाडी बंद पडली की लगेच चालू कर म्हणू नको, आधी हँडब्रेक, न्यूट्रल, मग पाणी पी म्हण. बाटली डॅशबोर्डवर ठेवत जा, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लागतेच. आणि सकाळी सहाची बॅच बायकांना दे, तेव्हा ग्राऊंडवर बघायला कुणी नसतं.