२४ व्होल्टच्या इनपुटवर ५ व्होल्टचा सेन्सर

कुपवाडकर: एमआयडीसीतल्या शेडमध्ये सीएनसी राउटर (लाकूड कोरायचं मशीन) बसवतोय. कंट्रोलरच्या इनपुटला ऑप्टोआधी (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा सुटा भाग) ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, होमिंगचा (मशीनची शून्य जागा शोधायचा) सेन्सर ५ व्होल्टचा. पत्री आडवी गेली की सेन्सरचा दिवा लागतो, स्क्रीनवर मात्र ढिम्म.

मिरजवाला: ढिम्मच राहणार! कॉमन (इनपुटांची सामायिक तार) झिरोला असेल तर ऑप्टोची एलईडी १.२ व्होल्ट खाते, उरलेल्या ३.८ मधून जेमतेम ०.८ मिलिअँपिअर. २४ वर ४.८ जातो. रेझिस्टरला समांतर १ किलोचा जोड. पण मग त्या पिनला चुकूनही २४ देऊ नकोस.

साताऱ्याचा फिटर: नव्या बोर्डावर सोल्डरिंग कशाला भावा? कॉमन +२४ ला असेल तर बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लाव. सेन्सर १० किलोतून बेसला, कलेक्टर इनपुटला, एमिटर ग्राउंडला. दोन्ही सप्लायचे झिरो जोडायला विसरू नको.

कुपवाडकर: कॉमन +२४ लाच आहे. सिग्नल उलटा आला तर?

साताऱ्याचा फिटर: सेटिंगमध्ये पिन इन्व्हर्ट कर की.