मदत हवी आहे: क्वालिटी न घालवता व्हिडिओ कसा कापायचा?

मंडळी, गावच्या सप्त्यातल्या कीर्तनाचं हँडीकॅमवर केलेलं रेकॉर्डिंग आहे, एमटीएस फाईल्स, १०८०आय (म्हणजे इंटरलेस्ड, एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत साठवलेलं चित्र), एच.२६४ कॉम्प्रेशन. सुरुवातीचा माईक टेस्टिंगचा भाग, मधली पावतीची अनाउन्समेंट वगैरे उडवायचंय, बाकी काहीच करायचं नाही, ना टायटल ना म्युझिक. नेहमीच्या एडिटरमधून एक्सपोर्ट केलं की सगळं परत एन्कोड होतं (नव्याने कॉम्प्रेस होतं) आणि मंडपातल्या कमी उजेडात चेहरे अगदी मेणासारखे दिसतात, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) वाढवला तर फाईल मूळच्यापेक्षा मोठी होते आणि चित्र तरी तेवढं चांगलं येत नाहीच.

म्हणून लॉसलेसकट हे परत एन्कोड न करता कापणारं सॉफ्टवेअर वापरलं. चित्र जसंच्या तसं राहतं, वेळही लागत नाही, पण कट कीफ्रेमवरच (अधूनमधून येणाऱ्या, पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच) बसतो त्यामुळे अभंगाचा पहिला शब्द तरी जातो नाहीतर आधीचं खोकणं तरी येतं. अ‍ॅव्हिडेमक्स या फुकट एडिटरच्या कॉपी मोडमध्येही तेच.

तर फक्त कटच्या आजूबाजूच्या फ्रेम्स परत एन्कोड करून बाकीचं जसंच्या तसं कॉपी करणारं, म्हणजे स्मार्ट रेंडरिंगवालं, इंटरलेस्ड फाईलवर नीट चालणारं फुकट काही आहे का? कमांड लाईन पण चालेल. आणि कॅमेऱ्याने तोडलेले तुकडे जोडताना सांध्यावर आवाज तुटतो, त्याला काय करता? डीइंटरलेस करा (म्हणजे त्या अर्ध्या भागांच्या पूर्ण फ्रेम बनवा) म्हणू नका प्लीज, मास्टर कॉपी तशीच ठेवायचीय.