विल्कापुहियोचा पराभव: बिगुलाआधीची चूक

स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अर्जेंटिनाचा सेनापती बेल्ग्रानो आजच्या बोलिव्हियातल्या विल्कापुहियोला हरला, तो माघारीचं बिगुल चुकून वाजलं म्हणून, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. त्याआधी आन्काकातोला त्याच्या बाजूच्या कार्देनासची आदिवासी तुकडी स्पेनच्या बाजूच्या कास्त्रोच्या स्वारांनी मोडली आणि कार्देनासजवळची कागदपत्रंच पकडली. त्यातून बेल्ग्रानोचा सगळा बेत स्पॅनिश सेनापती पेसुएलाला कळला. कोचाबांबाहून सेलाया बेल्ग्रानोसाठी कुमक घेऊन पोचण्याआधीच १ ऑक्टोबर १८१३ ला पेसुएला विल्कापुहियोच्या पठारावर उतरला. तरीही बेल्ग्रानोची उजवी फळी आणि मध्य जिंकत होते, हे विसरू नका! ऐन वेळी तेच कास्त्रोचे स्वार येऊन धडकले आणि पारडं फिरलं.

खरी हळहळ १४ नोव्हेंबरच्या आयोऊमाच्या लढाईची वाटते, तिथे बेल्ग्रानो पुन्हा हरला. शत्रूच्या १८ तोफा, बेल्ग्रानोकडे जेमतेम ८ हलक्या. विल्कापुहियोनंतर तो माचा गावी थांबला होता, तिथूनच त्यानं माघार घ्यायला हवी होती.