टीआय प्रोजेक्टच्या पीअर निम्म्या करतायत, विरोध नक्की कुणाच्या दारात करायचा?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. हायवेलगतच्या एका तालुक्याच्या गावात धंदा करणाऱ्या बायांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या टीआयमध्ये (सरकारी पैशावर संस्था चालवते तो प्रकल्प) ओआरडब्ल्यू, म्हणजे फील्डवर्कर, आहे मी (संस्थेचं नाव देत नाही, नोकरी टिकवायचीये). पुढच्या करारात बजेट कमी येणार असं तोंडी सांगितलंय, लेखी काहीच नाही. पीअर (धंद्यातल्याच बाया, मानधनावर बाकीच्यांपर्यंत पोचतात त्या) निम्म्या, डीआयसी (बायांचं बसायचं-भेटायचं केंद्र) बंद, आणि बायांनी टेस्टला सरळ सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्र) जायचं म्हणे. अहो पण ती उघडते सकाळी, आमच्या बाया झोपतात पहाटे, त्या केसपेपरच्या लाइनीत कधी उभ्या राहणार? आणि धंदा आता एका गल्लीत राहिलाय कुठे, सगळं मोबाइलवर, आज या लॉजला उद्या ढाब्यामागे, कोण कुठे शिफ्ट झाली ते फक्त पीअरला ठाऊक असतं. बाया जाम चिडल्यात, मोर्चा काढू म्हणतात. काढावा का? दवाखाना म्हणतो आमच्या हातात नाही, संस्था म्हणते वरून आलंय.

सरळसोट
राग मानू नका ताई, पण एचआयव्हीची ती पूर्वीची भीती राहिलीये कुठे? गोळ्या फुकट मिळतात, माणसं नीट जगतात. तोच पैसा डायलिसिसला गेला तर काय बिघडलं?

जुना_समुपदेशक
@सरळसोट, बिघडतं ते लगेच दिसत नाही हीच तर गोची आहे. देशात अजून अंदाजे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. गोळ्या २००४ पासून फुकट आहेत खरं, पण त्या रोज आणि जन्मभर घ्याव्या लागतात आणि खर्च सरकारच करतं, म्हणजे आज पीअरचं मानधन वाचवायचं आणि पुढची कित्येक वर्षं गोळ्यांचं बिल भरत बसायचं.

आणि हे आधी झालंय. २०१४-१५ ला केंद्राने एड्सचं बजेट जवळपास ३० टक्के कापून १३०० कोटींवर आणलं, त्याच सुमारास पैसा राज्याच्या तिजोरीतून फिरून यायला लागला आणि ठिकठिकाणी मानधनं थकली. मी तेव्हा नोकरीत होतो. आमच्याकडची एक पीअर, लॉजच्या मॅनेजरला दादापुता करून रात्री दहाला खोलीवर बोट टोचून टेस्ट करवून घ्यायची, मानधन थांबल्यावर ती परत धंद्याला लागली, चूक काय तिची? पैसे आले तेव्हा नवीन मुलगी नेमली आणि त्या मॅनेजरने तिला जिना चढू दिला नाही. साधारण ६० बायांमागे एक पीअर हा हिशोब आहे, निम्म्या केल्या तर एकीच्या अंगावर १२० येतात. दर सहा महिन्यांनी प्रत्येकीची टेस्ट व्हायला हवी, कशी करणार ती?

पुणेकर_नाईलाज
हे अमेरिकेने पैसा बंद केला त्यामुळे आहे का? २०२५ च्या जानेवारीत इकडचं मित्र क्लिनिक त्याच्यामुळेच बंद पडलं. ट्रान्स लोकांनी ट्रान्स लोकांसाठी चालवलेलं होतं, हैदराबाद, कल्याण आणि पुणे. हैदराबादचं नंतर टाटा ट्रस्टच्या मदतीने सबरंग नावाने सुरू झालं.

अर्धवट_वकील
@पुणेकर_नाईलाज, नाही, टीआयचा पैसा नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना), म्हणजे केंद्राचा, एमसॅक्समार्फत (राज्याची एड्स नियंत्रण संस्था) येतो. म्हणून दवाखाना हात वर करतो त्यात तथ्य आहे.

@रात्रपाळी, मोर्चा काढा पण आधी कागद हातात घ्या. "वरून आलंय" म्हणजे कुठून? एमसॅक्सच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे आरटीआय टाका, १० रुपये फी, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांत बसवा, आपल्या राज्याचा नियम आहे तो, लांबण लावली की त्याच कारणाने परत पाठवतात. या वर्षीचं मंजूर बजेट, पुढच्या वर्षीचं, आणि पीअर कमी करायचा लेखी आदेश, एवढंच मागा. दुसरं, जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण समितीचे अध्यक्ष कलेक्टर असतात. पैसा ते देणार नाहीत, पण त्यांच्या सहीचं पत्र मुंबईला गेलं की फाइल हलते. आणि खासदाराला गाठा, केंद्राचा पैसा आहे तर प्रश्न लोकसभेतच विचारला गेला पाहिजे, नगरसेवकाला हार घालून काही होत नाही.

कोणीतरी २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं नाव घेईलच. कलम १३ मध्ये प्रतिबंधाची जबाबदारी केंद्र-राज्यावर आहे, पण "आवश्यक वाटतील ते" उपाय असं लिहिलंय, त्यामुळे नुसत्या त्याच्या जिवावर कोर्टात उडी मारू नका. निवेदनात मात्र टाकाच. आणि पत्रकार आले तर बायांचे फोटो नाही म्हणजे नाही. पाठमोरे पण नाही, साडीवरून ओळखतात गावात.

सांगलीची_मी
वकीलसाहेब बरोबर पण एक राहिलं, बोलायला बायांनाच पुढे करा, संस्थेच्या सरांना नको. आमच्या सांगलीत संग्राम संस्था आणि वॅम्प या धंदा करणाऱ्या बायांच्या संघटनेच्या बायांनी पहिल्यापासून हेच केलं. २००५ ला अमेरिकेच्या पैशाबरोबर वेश्याव्यवसायाच्या विरोधात शपथेवर सही करा अशी अट आली, तर पैसाच परत केला. आणि दिल्लीत २०२२ ला एचआयव्हीसह जगणारे लोक गोळ्या मिळेनात म्हणून नॅकोच्या ऑफिसात ४२ दिवस बसले होते. एका दिवसाच्या मोर्चाने कोणी हलत नाही ताई.

सरळसोट
लॉजच्या जिन्याचं पटलं. डायलिसिसचं माझं म्हणणं कायम आहे, पण त्यासाठी वेगळा पैसा मागू.

रात्रपाळी
आभार सगळ्यांचे. आरटीआय या आठवड्यात जातोय, माझ्या नावाने नाही, ओळखीतल्या एकाच्या. निवेदनावर बाया स्वतः सह्या करणार म्हणतात, निम्म्या जणी अंगठेवाल्या आहेत आणि काहींच्या घरी कामाचं माहीत नाहीये. चालेल का?

अर्धवट_वकील
निवेदनाला अंगठा चालतो. ज्यांना नाव नकोय त्यांना अजिबात भरीला पाडू नका, बायांचं मंडळ किंवा बचत गट असेल तर त्याच्या लेटरहेडवर द्या, अध्यक्ष-सचिवांच्या दोन सह्या पुरतात. आणि इनवर्डचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कलेक्टर ऑफिसातून बाहेर पडू नका.