रिमोल्ड टायर पिकअपला घालावे का? रोजचा चोर्ला घाट आहे

म्हापसा_भाजीवाला:
नमस्कार मंडळी. माझी बोलेरो पिकअप आहे, आठवड्याला चार-पाच फेऱ्या बेळगाव-म्हापसा, चोर्ला घाटातून, येताना भाजीने गच्च भरलेली. चारही टायर संपत आलेत, मागचे दोन तर टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे नक्षीच्या खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या, उंचवट्याला टेकले, पुढच्या महिन्यात पासिंग आहे म्हणजे घालणं आलंच. नवीन टायरचा भाव साडेआठ हजाराला एक सांगितला, चार म्हणजे चौतीस हजार, इथे उसगावात एवढी मोठी टायरची फॅक्टरी पण आपल्याला भाव तोच. रिमोल्डवाला म्हणतो तीन हजारात एक, तुमचेच टायर द्या रबर चढवून देतो, आठ दिवस लागतील, घाई असेल तर तयार पडलेत त्यातले घेऊन जा. बायको म्हणते पावसात घाटात तुम्ही आणि तुमचे चिकटवलेले टायर, मला झोप लागायची नाही. कोणी वापरलेत का, किती टिकतात? आणि घरी वॅगनार आहे तिचे पण करून देतो म्हणाला, करू का?

सावर्डे_टिपर:
करा की, त्यात काय एवढं. माझे तीन टिपर होते खाणीवर, मागे सगळे रिमोल्डच, एकेका केसिंगवर, म्हणजे वरच्या रबराखालच्या मूळ सांगाड्यावर, दोन-दोनदा रबर चढवलंय. खाणीच्या रस्त्यावर नवीन टायर घालून धंदा करणारा मी तरी बघितला नाही. पण पुढे कधीच नाही हां, पुढे नवीन, ते जरा झिजले की मागे, मग रिमोल्ड, मग परत मागेच. हा नियम माझ्या ड्रायव्हरने पण कधी मोडला नाही आणि तो बाकी सगळे नियम मोडायचा.

एक मात्र सांगतो. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, तीन वर्षं, वरून ताडपत्री आणि खाली टायरमध्ये हवा नाही. नंतर चालू झाल्यावर मी शहाणपणा केला, म्हटलं केसिंग तर कमी पळालेली आहे, त्याच्यावरच रबर चढवू. सहापैकी चार टायर पहिल्या दोन महिन्यांत गेले, रबर वर तसंच नवंकोरं आणि बाजू फाटलेली. मला वाटायचं टायर पळून म्हातारा होतो, तो नुसता उभा राहून पण होतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, चार आकडे असतात बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, ते बघा आधी.

डिचोलीकर७:
सावर्डेवाले, तुमच्या टिपरला मागे जोडचाक, एक गेला तरी बाजूचा गाडी तोलून धरतो. पिकअपला मागे एकेकच चाक. हा फरक कोणी सांगत नाही.

माझा अनुभव ऐका. घाई होती म्हणून तयार पडलेले दोन घेतले, कुणाच्या गाडीचे होते देवाला ठाऊक. दीड महिन्यात अनमोड घाट उतरताना मागून धाड धाड आवाज, आधी वाटलं दगड अडकला असेल, तर अख्खा पट्टा सुटून मडगार्डवर फटके मारत होता, मडगार्ड फाटलं, टेललाइटची वायर तोडली, नशीब ब्रेकचा पाइप वाचला. टायर फुटला नाही बरं का, हवा तशीच, नुसती कातडी सोलल्यासारखी. तो पट्टा मी घरी आणला. आतल्या बाजूने बघाल तर काचेसारखा गुळगुळीत, कुठे रबर ओढून फाटल्याची खूण नाही. म्हणजे चिकटलाच नव्हता! दुकानदार म्हणे तुम्ही ओव्हरलोड केली असेल. मी त्या दिवशी रिकामी गाडी घेऊन येत होतो, आता काय बोलायचं त्याला.

कुंडई_बफिंग:
डिचोलीकर, गुळगुळीत निघाला म्हणजे बफिंग, म्हणजे जुनं रबर खरवडणं, नीट नाही किंवा बफ करून धूळ बसेपर्यंत तसाच ठेवला. मी नऊ वर्षं हेच काम केलंय म्हणून लांबलचक लिहितो, सहन करा.

टायर आला की आधी उजेडाखाली पसरून आतून बघायचा, हात फिरवायचा. आतल्या लायनरवर, म्हणजे अस्तरावर, सुरकुत्या किंवा काळी भुकटी दिसली म्हणजे हा टायर हवा कमी असताना पळालाय, साइडवॉलमधल्या तारा थकल्यात, तो तिथेच बाद, गिऱ्हाईक कितीही भांडू दे. हवा भरताना असा टायर चेन उघडावी तसा फाटतो, म्हणून आम्ही पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायचो. मग जुनी नक्षी खरवडून काढायची, तेव्हा खरे कट दिसतात. आपल्याकडे जांभ्याच्या खडीने कट पडतो आणि चार महिने त्यातून पाणी आत, आतली स्टीलची तार गंजते. गंजलेल्या तारेला रबर धरत नाही, ते सगळं कोरून काढावं लागतं, फार खोल गेलं असेल तर टायर बाद. मग कुशन गम, म्हणजे चिकटवायचा कच्च्या रबराचा थर, त्यावर नक्षीचा तयार पट्टा, रोलरने दाबून रबरी पिशवीत घालून चेंबरमध्ये शंभर डिग्रीच्या थोडं वर काही तास, हे कोल्ड. हॉटमध्ये कच्चं रबर साच्यात दीडशेच्या आसपास शिजवतात, ते केसिंगला जास्त सोसावं लागतं.

त्यामुळे भाजीवाल्यांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, केसिंग कुणाची? स्वतःची असेल तर ती कशी पळाली हे तुम्हाला माहीत असतं. तयार पडलेला कधी घेऊ नका. आणि रस्त्यावर रबराचे तुकडे दिसतात ते सगळे रिमोल्डचे असा समज आहे, नवीन टायर पण हवा कमी ठेवून भार घालून पळवला की असाच तापून सुटतो.

वॅगनारचं विसरा. कारच्या नावाखाली जे विकतात त्यातले बरेचसे रिमोल्ड नसतातच, गोटा झालेल्या टायरला गरम सुरीने खाचा मारून काळं पॉलिश लावलेलं असतं. खाचेत नख घालून बघा, तळाला तार लागली की समजा.

पर्वरीचा_बाबू:
विमानाच्या टायरवर पण रबर चढवतात, एकेकावर कित्येक वेळा. मोपाला उतरणारं विमान चालतं तर पिकअप का नाही 😄

कुंडई_बफिंग:
बाबू, तिथे प्रत्येक टायरची मशीनवर तपासणी होते, आत नायट्रोजन असतो. तुमचा पंक्चरवाला काय करतो?

पर्वरीचा_बाबू:
लाथ मारून बघतो

डिचोलीकर७:
हिशोब पण मांडा ना. नवीन ४५ हजार किलोमीटर गेला तर किलोमीटरला १९ पैसे, रिमोल्ड २५ हजार गेला तर १२ पैसे. सात पैसे वाचले, म्हणजे एका टायरमागे साडेसतराशे. एकदा टोमॅटो भरून चोर्ल्यात अडकलात, दुसरी गाडी बोलावली, माल अर्धा सडला, की दोन टायरची बचत एका रात्रीत गेली.

सावर्डे_टिपर:
तुझा पट्टा सुटला म्हणून सगळ्यांचा सुटतो काय रे. आणि ४५ हजार चोर्ल्याच्या वळणांवर कोणाचा जातो ते सांग मला. तिथे तीसच धर, मग नवीन किलोमीटरला २८ पैसे पडतो.

डिचोलीकर७:
मग रिमोल्ड पण २५ नाही जाणार, १७ धर, तो पण १८ पैशावर आला. वाचले किती तर तेच सतराशे.

म्हापसा_भाजीवाला:
आभारी आहे सगळ्यांचा. काल चारही टायर काढून नेले, समोर उभा राहून आतून बघायला लावले, आधी कंटाळला पण बघितलं त्याने. पुढचा उजवा आतून सुरकुतलेला निघाला, मला आठवलं मागच्या पावसात केरीपासून साखळीपर्यंत बसलेल्या चाकाने आलो होतो, स्टेपनीत पण हवा नव्हती. मागच्या एकाला खिळ्याचं भोक होतं, आजूबाजूला तार लाल. दोन बाद, दोन बरे. ते दोन दिलेत रबर चढवायला, मागे घालीन, पुढे दोन नवे, एकूण तेवीस हजार. येताना भार दीड टनाच्या आत ठेवायचा ठरवलंय आणि हवा दर सोमवारी थंड टायरवर. वॅगनारला नवीनच.

बायकोला सांगितलं पुढचे नवीन आहेत. मागचं विचारलं नाही तिने अजून.