अडीच वर्षांची घोडी लगामाला मान झटकते. वुल्फ टूथ काढावा का?

प्रश्न:
घोडीला नुकताच लगाम घालायला लागलोय. सरळ छान चालते, पण डावीकडे वळवताना लगाम जरा खेचला की मान झटकते, तोंड उघडते. वरच्या डाव्या दाढांच्या पुढे शेंगदाण्याएवढा बारीक दात बोटाला लागतो. गवताचे अर्धवट चावलेले बोळेही तोंडातून पाडते. दात उपटून टाका, असं सगळे सांगतात. काय करू?

उत्तर १:
मी पशुवैद्यक आहे. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तो बारीक दात म्हणजे वुल्फ टूथ. साधारण सहा महिने ते वर्षभरात येतो आणि चावायला काही उपयोगाचा नसतो. कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा भाग, मागे खेचलं की गालाचा आतला भाग त्यावर दाबला जातो. अनेक घोड्यांना त्याचा त्रास होत नाही, मग तो नुसता आहे म्हणून काढायचा नसतो. तुमच्या घोडीला होत असावा, तेव्हा काढणं योग्य वाटतं.

बोळे मात्र त्या दातामुळे पडत नाहीत. या वयात पुढच्या दुधाच्या दाढा पडतात. खालून कायमची दाढ वर ढकलते आणि दुधाच्या दाढेची टोपी (तिचा उरलेला वरचा भाग) तिरकी होऊन गालाला नाहीतर हिरडीला टोचते. हलणारी टोपी डॉक्टर सहज काढतात. घट्ट असेल तर कृपा करून कुणालाही ओढू देऊ नका. खालची दाढ अजून तयार होत असते, तिला कायमची इजा होऊ शकते. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा धारदार झाल्यात का, तेही बघून घ्या.

प्रश्नकर्ता:
आमच्याकडे एक जण ओठाला पिळा देऊन पकडीने दात काढतो. चालेल?

उत्तर १:
अजिबात नाही. गुंगीचं इंजेक्शन, हिरडीत बधिरता, तोंड उघडं ठेवणारी चौकट आणि डोक्याला लावायचा दिवा, एवढं हवंच. आधी दाताभोवतीची हिरडी हळूहळू सोडवतात. घाईने ओढलं की मूळ मोडून आत राहतं. शिवाय टाळूतून मोठी रक्तवाहिनी जाते, हत्यार आत निसटलं तर भळाभळा रक्त येतं. धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते आधी पाहा.

उत्तर २:
मी घोडे तयार करतो. दात काढल्यावर जखम भरेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, कडियाळं लावूच नका. तोवर म्होरकीवर (तोंडात काही न घालता डोक्याला बांधायच्या दोरीवर) चालवा, वळायला शिकवा. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत दात बदलत राहतात, म्हणून मी दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घेतो. तीन-चार वर्षांची झाली की खालच्या जबड्यावर दोन्हीकडे सारखे टेंगूळ येऊ शकतात. ते बहुधा उगवत्या दाढांचेच असतात. एकाच बाजूला आलं, दुखलं किंवा पू आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.