मदत हवी आहे : देवाची निवड आणि माणसाची इच्छा

सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या वेंगुर्ल्याच्या मंडळीत बायबलमधील रोमकरांस पत्राचा नववा अध्याय (देव तारणासाठी कोणाला निवडतो याविषयीचा) वाचताना एका वयस्क बाईंनी विचारले, की समुद्रात बुडालेल्या आणि कधीच विश्वास न ठेवलेल्या आपल्या मुलाला देवाने निवडलेच नव्हते काय. मी निरुत्तर झालो.

कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देवाने निवड केली, असे डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये मांडले. 1618-19 च्या नेदरलँड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेने ते नाकारले आणि निवड केवळ कृपेची ठरवली. मला डॉर्टचा युक्तिवाद अधिक सुसंगत वाटतो, कारण एरवी तारणाचे श्रेय शेवटी आपल्याच निर्णयाकडे जाते. परंतु कुंभाराला मातीचे हवे ते घडवण्याचा अधिकार असतो, हा त्याच अध्यायातील दाखला (तोही पोटच्या पोरासाठी रडणाऱ्या आईला) देण्यास जीभ धजत नाही.

शिवाय सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे 1 तीमथ्य 2:4 सांगते. तेथील ‘सर्व’ म्हणजे ‘सर्व प्रकारचे लोक’ हा कॅल्विनवादी (म्हणजे डॉर्टच्या बाजूचा) अर्थ मागच्यापुढच्या वचनांना धरून आहे काय? आणि त्या मुलाच्या अखेरच्या क्षणांविषयी आपल्याला काहीच ठाऊक नसताना, खोटा दिलासा न देता त्यांना काय सांगावे? येत्या रविवारी त्या पुन्हा भेटणार आहेत. जाणकारांनी कृपया त्यापूर्वी मार्गदर्शन करावे.